मोहाच्या दिवसांत ताडोबाचं बफर

चंद्रपूरहून मोहर्लीकडे निघालं की पहिले काही किलोमीटर जंगल कुठेच नसतं. दुर्गापूरच्या बाजूला कोळशाच्या खाणी, उपसलेल्या मातीचे डोंगर, ट्रकांची रांग आणि पाठीमागे २९२० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. मार्चअखेरचं ऊन आणि सगळ्यावर एक करडा थर. या केंद्राच्या आवारातल्या झुडपांत वाघ फिरतात, ही गोष्ट चंद्रपूरकर तुम्हाला पुण्यात कुणी पार्किंगची अडचण सांगावी त्या सुरात सांगतात.

मग इरई धरणाचं पाणी दिसायला लागतं. हे धरणही मुळात त्या वीज केंद्राला पाणी हवं म्हणूनच बांधलेलं. त्याच्या फुगवट्याच्या काठाला अगरझरी, आणि तिथे ताडोबाच्या बफरचं गेट. गाडीच्या काचा खाली केल्या आणि वास आला. गोड, उष्ण, आंबूस, आणि तळाशी काहीतरी जनावरासारखं.

"आला मोहा," मैत्रीण म्हणाली. तिचं माहेर चंद्रपूरचं. मी ठाण्याची, मला मोह म्हणजे एकतर षड्रिपूंपैकी एक किंवा दारू.

कोअरमध्ये, म्हणजे आतल्या मुख्य जंगलात, जागा मिळाली नाही म्हणून भोवतीचं बफर, असं बहुतेकांचं होतं. आम्ही मुद्दाम बफर घेतलं होतं, पण हे घरी कुणाला पटलं नाही. "बफरमध्ये काय, गाई-म्हशी बघणार?" असं एका काकांनी विचारलं होतं. (बघितल्या. भरपूर.)

काकांचाही दोष नाही. बफर हा शब्दच उशीसारखा आहे. खऱ्या जंगलाला धक्का लागू नये म्हणून भोवती लावलेलं काहीतरी. ताडोबाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९५५ साली मिळाला, शेजारचं अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये झालं, पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. २००६ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि कोअर आणि बफर हे दोन भाग कायद्यात आले. ताडोबाचं बफर २०१० मध्ये जाहीर झालं. कोअर सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणि बफर अकराशेच्या वर. म्हणजे उशी गादीच्या पावणेदोनपट! त्यात पाऊणशेहून जास्त गावं, त्यांची शेतं, गुरं, देव आणि मोहाची झाडं. आणि वाघ, कारण कोअरची हद्द कुठे संपते हे वाघाला कुणी सांगितलेलं नाही.

सकाळच्या सफारीला आमच्यासोबत गाईड म्हणून एक ताई होत्या, जवळच्याच गावच्या. मोबाइल बंद करायला लावले, ते बरंच झालं. अजून नीट उजाडलं नव्हतं. जिप्सीच्या दिव्यात रस्त्यावर दोन लाल ठिपके चमकले आणि अगदी चाकाशी आल्यावर उडाले. रातवा. दिवसा हा पक्षी पाचोळ्यात शेजारी बसला तरी दिसणार नाही, रात्री मात्र भर रस्त्यात ठाण मांडून बसतो. पुढे उजाडत गेलं तसं जंगल सुटं सुटं होत गेलं. साग पूर्ण निष्पर्ण, बांबू वाळून पिवळा, ऐनाच्या खोडावर मगरीच्या पाठीसारखी सालीची भेगाळ. पळस फुलून संपत आलेला. मधूनच एखादं कुलूचं झाड, पांढरंफटक, कागदासारखी साल सुटत असलेलं. अंधारात चांदणं पडलं की हे झाड एकटंच उभं दिसतं, म्हणून त्याला भुत्या म्हणतात. गाईड लोकांना पर्यटकांना हे सांगायला फार आवडतं. ताईंनी मात्र डिंक सांगितला. याचा डिंक विकला जातो, आणि लोभानं खोल घाव घातले की झाड वाळतं.

एका वळणावर फोडलेलं वारूळ होतं. कुदळीनं खणावं तसं. ओली माती अजून सुकली नव्हती, आणि कडेला चार-पाच समांतर चरे. अस्वल. "वाघ बाजूनं निघून जाते जी," ताई म्हणाल्या, "अस्वल नाही जात. ते घाबरलं का सरळ अंगावर येते." मोहाच्या दिवसांत गावातल्या बायका कुणाला जास्त भितात, याचं उत्तर मला इथे मिळालं, आणि ते मी घरून आणलेल्या उत्तराहून वेगळं होतं.

आणि मग तो रस्ता.

ताईंनी हात वर केला, ड्रायव्हरभाऊंनी गाडी थांबवली. मला वाटलं वाघ. समोर नुसती धूळ होती, पिठासारखी मऊ. ताईंनी वाकून बोट दाखवलं. सगळ्यात खाली टायरची नक्षी. "हा कालच्या सांजच्या गाडीचा." त्या नक्षीवर, ती पुसून, पंजा. माझ्या पसरलेल्या हाताएवढा, चौकोनी, पुढे चार बोटं स्वच्छ उमटलेली. "नर आहे. रात्री गेला." आणि त्या पंज्याच्या मागच्या गादीवर, अर्धी गादी दाबून, रबरी चपलेचा ठसा. लहान पायाची चप्पल, टाच झिजलेली, तळव्यावरच्या बारीक चौकटी अजून ताज्या.

"चप्पल वर आहे," ताई म्हणाल्या. "म्हणजे बाई मागून आली."

पुढे शंभरेक पावलं ते दोघं एकाच रस्त्यानं, एकाच दिशेनं गेले होते. मग पंजे डावीकडे बांबूत उतरले आणि चप्पल सरळ गेली. ताईंना त्यात विशेष काही वाटलं नाही. त्यांनी फक्त, चप्पल कुणाची असेल, याचा अंदाज केला आणि ड्रायव्हरभाऊंनी तो दुरुस्त केला.

त्या सकाळी आम्हाला वाघ दिसला नाही. चितळं दिसली, एक सांबर मादी, रोही म्हणजे नीलगाय, तारेवर बसलेले कोतवाल पक्षी, गव्यांचा एक कळप लांबून. एका सौरपंपाच्या पाणवठ्यावर सर्पगरुड पाण्यात पाय बुडवून उभा होता, एखाद्या थकलेल्या कारकुनासारखा. परत येताना दुसऱ्या जिप्सीतल्या गृहस्थांनी हातानंच "काय?" विचारलं. मी मान हलवली, तर त्यांना आमची खरोखर दया आली.

दुसऱ्या दिवशी सफारी नव्हती. आम्ही राहत होतो त्या घरच्या काकूंच्या शेताच्या बांधावर मोहाचं झाड होतं. मी येऊ का विचारलं, तर म्हणाल्या, "उजेड पडला का जाऊ. आंधी तीन-चारलेच जात होतो, आता नाही." आंधी म्हणजे आधी. का ते मी विचारलं नाही. गेल्या काही वर्षांत या जिल्ह्यात माणसं कशी आणि कुठे मारली गेली हे पेपर वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही. मोह वेचणारी बाई वाकलेली असते, कधी उकिडवी, नजर जमिनीवर. वाघाला ती माणूस वाटतच नाही, असं इथे सगळे म्हणतात.

झाडाखाली जाण्याआधी काकूंनी दोनदा मोठ्यानं खाकरलं आणि डबा वाजवला. मग थोडं थांबल्या. मग चला म्हणाल्या.

झाड अवाढव्य होतं आणि त्यावर पान असं नव्हतंच, नुसते फांद्यांच्या टोकांना तपकिरी झुबके. आणि फुलं पडत होती. मी फुलं पडतात म्हणजे पारिजातकासारखी तरंगत पडतात असं धरून चालले होते. मोहाचं फूल टपकतं. टप्. थोड्या वेळानं पुन्हा टप्. भरलेलं, जड, थेंबासारखं. एक उचलून बघितलं: फिक्या लोण्याच्या रंगाचं, गोल, मांसल, आत पोकळ आणि वर एक भोक. पडतो तो फक्त पाकळ्यांचा पेला, आत चिकटलेल्या पुंकेसरांसकट. स्त्रीकेसराची काडी वर झाडावरच राहते, तिचं पुढे फळ होतं, त्यातली बी म्हणजे टोळ, तिचं तेल. रात्री वटवाघळं या फुलांवर येतात, तेव्हा परागीभवनाचं काम होऊन जातं. सकाळी जमिनीवर जे पडतं ते झाडाच्या दृष्टीनं काम झालेलं सामान. आणि त्या सामानावर अर्धं जंगल आणि अर्धं गाव जगतं.

तोंडात टाकलं. आधी रस, अगदी गोड, मग घशात तोच जनावराचा वास. तीन खाल्ली. चौथं नको वाटलं.

काकूंनी आदल्या संध्याकाळीच झाडाखालचा पाचोळा खराट्यानं झाडून ठेवला होता. बऱ्याच ठिकाणी तो जाळतात, म्हणजे स्वच्छ काळ्या जमिनीवर फूल चटकन दिसतं. मग एखाद्या दुपारी वारा सुटतो आणि आग झाडाखालून जंगलात जाते. "धूर दिसला का गार्ड येते," काकू म्हणाल्या, "अन् जाळलं का पुढच्या साली गवत चांगलं येते, हेबी खरं." दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच दमात म्हटली. ठाण्यात बसून वणव्याबद्दल कळवळून बोलणं मला जमतं, पण पाचोळ्यातून एकेक फूल शोधत अर्धा तास वेचल्यावर माझी कंबर मोडली होती आणि टोपलीचा तळही झाकला नव्हता. झाडाखाली जाळ्या बांधल्या तर वाकावं लागणार नाही, असाही एक उपाय सांगितला जातो. काकूंचं म्हणणं, जाळी माकडं फाडतात.

माकडं होतीच वर. वानरांची टोळी फांद्या हलवून खात होती आणि सांडत होती जास्त. बांधापलीकडे तीन चितळं त्या सांडलेल्याची वाट बघत उभी. काकू टोपली भरत होत्या, चितळं बघत होती, मध्ये तीसेक पावलं. कुणी कुणाला हाकललं नाही. मग अचानक एक वानर खोकल्यासारखं भुंकलं. चितळांच्या माना एकदम वळल्या, शेपट्या उभ्या राहिल्या. काकूंनी कंबर सरळ केली, एकदा त्या दिशेला बघितलं, टोपली उचलली आणि म्हणाल्या, "पुरे आजच्याले."

एवढंच. धावपळ नाही, आरडाओरडा नाही. झाडाखाली निम्मी फुलं तशीच पडून होती.

वाळत घातलेली फुलं अंगणात दोन दिवसांत किसमिसासारखी आक्रसतात आणि तांबूस होतात. काकू ती भाजून जवसासोबत कुटतात, गूळ न घालता लाडू वळतात. गूळ लागतच नाही. बाकीची व्यापाऱ्याकडे जातात. त्यांचं पुढे काय होतं हे उघड गुपित. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, त्या काळाविषयी काकूंच्या यजमानांकडे बरेच किस्से होते, आणि काकू खोलीत आल्या की ते किस्से थांबत होते.

संध्याकाळी ते मला शेतातलं झटका मशीन दाखवायला घेऊन गेले. सौर पट्टीवर चालणारं, टिक् टिक् असा आवाज करणारं. रानडुक्कर तारेला लागलं तर झटका बसतो, मरत नाही. "काही लोक लायनीवरून करंट सोडतात, तो वेगळा," ते म्हणाले. त्या करंटनं डुकराऐवजी कधी वाघ मरतो, कधी शेजारचा माणूस. हरभरा निघून गेला होता, शेत मोकळं होतं, तरी मचाणावर गोधडी होती. मी विचारलं, आता राखण कशाची? ते हसले. "सवय आहे जी. घरी झोप येत नाही."

निघताना काकूंनी स्टीलच्या डब्यात वाळलेली फुलं बांधून दिली. नागपूरच्या एसटीत डबा मांडीवर होता, झाकण घट्ट लावलेलं, तरी वरोरा येईस्तोवर शेजारच्या टोपीवाल्या आजोबांनी तीनदा माझ्याकडे बघितलं. शेवटी त्यांना राहवलं नाही. माझ्याकडे झुकून, आवाज खाली आणून म्हणाले, "पहिल्या धारेची आहे का, बाई?"

मी डबा उघडून दाखवला. त्यांचा चेहरा पडला. तरी चार फुलं त्यांनी उचललीच.