पुरस्कारांच्या हंगामाची वही: पसंतीक्रमाने मोजून पाहिलेले ऑस्कर

जानेवारी ते मार्च या काळात कोणत्या पुरस्काराने कोणता चित्रपट पुढे सरकला आणि कोणता मागे पडला, याच्या नोंदी मी बऱ्याच वर्षांपासून ठेवीत आलो आहे. २०२५ च्या हंगामातील नोंदी येथे ऑक्टोबरपर्यंत आणून एकत्र देत आहे. या वेळी वहीचा रोख थोडा बदलला. आजवर कोण जिंकणार या अंदाजातच पाने भरत असत. या वर्षी मते कशी मोजली जातात हे स्वतः करून पाहावे असे ठरवले, आणि त्यातून हाती लागलेले निष्कर्ष अंदाजांपेक्षा अधिक रंजक वाटले, म्हणून त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

जानेवारी-फेब्रुवारीची नोंद आधी थोडक्यात देतो. ५ जानेवारीला गोल्डन ग्लोब या पत्रकारांच्या पुरस्कारांत ‘द ब्रुटलिस्ट’ आणि ‘एमिलिया पेरेझ’ हे दोन चित्रपट आपापल्या गटात सर्वोत्कृष्ट ठरले. लॉस एंजेलिस परिसरातील वणव्यांमुळे ऑस्करची नामांकने लांबणीवर पडून २३ जानेवारीला जाहीर झाली, आणि त्यांत ‘एमिलिया पेरेझ’ला तेरा नामांकने मिळाली. पुढे ८ फेब्रुवारीला हॉलिवूडमधील निर्मात्यांच्या आणि दिग्दर्शकांच्या अशा दोन्ही संघटनांनी एकाच रात्री ‘अनोरा’ची निवड केली, तर बाफ्टा या ब्रिटिश पुरस्कारांतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि अभिनेत्यांच्या संघटनेचा सामूहिक अभिनयाचा, असे दोन्ही पुरस्कार ‘कॉन्क्लेव्ह’ला मिळाले. अंदाज बांधताना माझा नियम जुनाच आहे. समीक्षकांच्या आणि पत्रकारांच्या पुरस्कारांना मी फार वजन देत नाही, कारण ती मंडळी ऑस्करला मतदान करीत नाहीत. संघटनांचे बरेच सदस्य मात्र ऑस्कर देणाऱ्या ॲकॅडमीचेही सदस्य असतात. त्यातही निर्मात्यांच्या संघटनेचा कौल सर्वांत महत्त्वाचा मानावा, कारण सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी तीही ॲकॅडमीप्रमाणेच पसंतीक्रमाने मते मोजते. वहीत ‘अनोरा’ला ठळक खूण केली गेली ती त्या रात्रीनंतरच.

सोहळा आपल्याकडे सोमवारी, ३ मार्चला पहाटे साडेपाचला सुरू झाला. ‘अनोरा’ला पाच पुरस्कार मिळाले आणि त्यांपैकी चार शॉन बेकर यांच्या नावावर जमा झाले: चित्रपट, दिग्दर्शन, मूळ पटकथा आणि संकलन. एकाच चित्रपटासाठी एकाच माणसाने चार ऑस्कर नेणे यापूर्वी घडले नव्हते. त्या सकाळविषयी यापेक्षा अधिक लिहिण्यासारखे माझ्याकडे नाही. भाषणे आणि पोशाख हा या वहीचा विषय कधीच नव्हता.

आता प्रयोगाकडे वळतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार २००९ च्या चित्रपटांपासून पुन्हा पसंतीक्रमाच्या पद्धतीने ठरवला जातो. मतदार नामांकन मिळालेल्या दहा चित्रपटांना एक ते दहा असे क्रम देतो. पहिल्या पसंतीच्या मतांत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर सर्वांत कमी मते असलेला चित्रपट बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या चित्रपटाकडे जातात. कोणीतरी निम्मी रेषा ओलांडेपर्यंत हे चालू राहते. इतर विभागांच्या अंतिम फेरीत असे काही नसते. तेथे ज्याला सर्वाधिक मते, तो विजेता. हे सगळे आपण वाचलेले असते, पण त्याचा परिणाम किती होतो हे कागदावरून ध्यानात येत नाही. म्हणून आमच्या चित्रपटवेड्या मंडळींनी जुलैमध्ये शनिवार पेठेतील एका मित्राच्या घरी जमून या वर्षी नामांकन मिळालेल्या त्याच दहा चित्रपटांवर मतदान घेतले. अट एकच ठेवली होती: ज्याने दहाही चित्रपट पाहिले आहेत त्यालाच मत. ‘पाहायला सुरुवात केली होती’ हे उत्तर ग्राह्य धरले नाही, आणि त्यामुळे दोन-तीन उत्साही मित्रांना केवळ भजी खाण्यासाठी थांबावे लागले.

एकवीस मतपत्रिका आल्या. प्रत्येक चित्रपटासाठी एक स्टीलची ताटली मांडली आणि तिच्या कडेला नावाची चिठ्ठी चिकटवली. पहिल्या पसंतीची मते अशी पडली: ‘द ब्रुटलिस्ट’ सहा, ‘अनोरा’ चार, ‘कॉन्क्लेव्ह’ चार, ‘आय ॲम स्टिल हिअर’ तीन, ‘ड्यून: पार्ट टू’ दोन, ‘निकल बॉइज’ आणि ‘द सब्स्टन्स’ प्रत्येकी एक. उरलेल्या तीन ताटल्या रिकाम्याच राहिल्या, आणि तेरा नामांकनांचा मान मिळवणारी ‘एमिलिया पेरेझ’ त्या तिघांत होती. मित्राच्या आई तेवढ्यात बाहेर आल्या आणि त्यांनी निकाल लावून टाकला, “अरे, सहा म्हणजे सगळ्यांत जास्त. झालं की! आता परत काय मोजताय?” त्यांना पद्धत समजावून सांगायला लागलो, तर निम्म्यातच त्या म्हणाल्या, “म्हणजे आपलं पदवीधरसारखं. मग तसं सांग ना.”

ही तुलना मला आधी सुचायला हवी होती, असे वाटून गेले. पुणे पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर आमदार निवडताना आपण उमेदवारांपुढे एक, दोन, तीन असे आकडे लिहितो आणि मतमोजणीच्या दिवशी बाद फेऱ्या रात्री उशिरापर्यंत चाललेल्या वाचतो, तीच ही रीत आहे. तेथील कार्यकर्त्याला जे नेमके ठाऊक असते, ते ऑस्करच्या प्रचारकांनाही ठाऊक असते: पहिली पसंती मागावी, पण नकार मिळाला तर किमान दुसरी तरी पदरात पाडून घ्यावी, आणि कोणाच्याही यादीत तळाला जाऊ नये.

पुढच्या फेऱ्यांत नेमके तेच घडले. ‘निकल बॉइज’चे मत ‘आय ॲम स्टिल हिअर’कडे गेले, ‘द सब्स्टन्स’चे ‘अनोरा’कडे, आणि ‘ड्यून’ची दोन्ही मते ‘कॉन्क्लेव्ह’कडे. आता ‘ब्रुटलिस्ट’ आणि ‘कॉन्क्लेव्ह’ सहा-सहा, ‘अनोरा’ पाच आणि ‘आय ॲम स्टिल हिअर’ चार, अशी स्थिती झाली. ‘आय ॲम स्टिल हिअर’ हा ब्राझीलचा चित्रपट बाद झाल्यावर त्याच्या चारपैकी दोन मतपत्रिका ‘कॉन्क्लेव्ह’च्या ताटलीत आणि दोन ‘अनोरा’च्या ताटलीत गेल्या. पहिल्या फेरीपासून आघाडीवर असलेल्या ‘ब्रुटलिस्ट’च्या ताटलीत मात्र सुरुवातीच्या सहा मतपत्रिकांत शेवटपर्यंत एकीचीही भर पडली नाही, आणि आठ, सात, सहा अशा हिशेबात तोच बाद झाला. त्याच्या सहापैकी चार मते ‘कॉन्क्लेव्ह’ला गेली आणि निकाल बारा विरुद्ध नऊ असा लागला.

मतपत्रिका नंतर सावकाश चाळल्या तेव्हा कारण दिसले. साडेतीन तासांहून अधिक लांबीचा, मध्ये पंधरा मिनिटांचे मध्यंतर असलेला ‘ब्रुटलिस्ट’ ज्यांना आवडला त्यांनी तो थेट पहिल्या क्रमांकावर ठेवला होता, आणि इतरांनी आठव्या-नवव्या. ‘कॉन्क्लेव्ह’ बहुतेकांच्या यादीत दुसरा किंवा तिसरा होता. त्याच्यावर जीव टाकणारे थोडे, पण त्याला नावे ठेवणारे जवळपास कोणीच नव्हते. प्रत्यक्ष ऑस्करमध्ये ‘अनोरा’ जिंकला, त्यामुळे आमचा निकाल हा काही ॲकॅडमीचा आरसा नव्हे. तेथे सुमारे दहा हजार मतदार आहेत आणि ॲकॅडमी मतांचे आकडे जाहीर करीत नाही. तरीही २०१६ मध्ये ‘स्पॉटलाइट’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाखेरीज केवळ मूळ पटकथेचा पुरस्कार मिळवून बाजी कशी मारली असेल, किंवा २०१७ मध्ये दिग्दर्शनाचा पुरस्कार ‘ला ला लँड’ला आणि चित्रपटाचा ‘मूनलाइट’ला का गेला असेल, याची कल्पना ताटल्या मांडल्यावर अधिक स्पष्ट येते.

माझे मत विचाराल तर ही विभागणी योग्य आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपट हा साऱ्या ॲकॅडमीचा कौल असल्याने त्यात सर्वांना मान्य होईल असा चित्रपट निवडून यावा. दिग्दर्शन, छायाचित्रण किंवा पटकथा यांत मात्र थोड्या लोकांच्या उत्कट आवडीलाही वाव राहावा. ‘सेफ चित्रपटालाच पुरस्कार मिळतो’ अशी तक्रार आपल्यात दरवर्षी होते, परंतु ती करताना आपण बहुधा दिग्दर्शनाच्या पुरस्काराकडून जी अपेक्षा ठेवायची, ती चित्रपटाच्या पुरस्काराकडून ठेवीत असतो.

ऑगस्टमधील नोंद राष्ट्रीय पुरस्कारांची. एकाहत्तरावे पुरस्कार १ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर झाले आणि ते होते २०२३ च्या चित्रपटांसाठी. येथे हजारोंचे मतदान नाही. प्रादेशिक समित्या चाळणी लावतात आणि केंद्रीय समितीचे मोजके लोक एका खोलीत बसून निर्णय घेतात. या पद्धतीची मला अडचण वाटत नाही, उलट छोट्या चित्रपटाला न्याय मिळण्याची शक्यता तिच्यात अधिक आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या आपल्या पुण्याच्या जोडीच्या ‘कासव’ला २०१६ सालचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले ते याच मार्गाने. अडचण आहे ती उशिराची. ‘कासव’ पुरस्कारानंतर काही महिन्यांनी चित्रपटगृहांत आला, त्यामुळे त्या पुरस्काराने प्रेक्षकाला तिकीटखिडकीपर्यंत नेण्याचे काम तरी करता आले. दोन वर्षे जुन्या चित्रपटाला आज पुरस्कार दिला तर कलावंताचा सन्मान होतो, चित्रपटाला मात्र त्याचा पुष्कळदा काहीच उपयोग होत नाही. या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ‘श्यामची आई’ ठरला, हे वाचून आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाची आठवण होणे अपरिहार्य होते. पहिल्याच वर्षीचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याने मिळवले होते, आणि त्यानंतर मराठीला तो सर्वोच्च मान पुन्हा मिळायला थेट ‘श्वास’पर्यंत थांबावे लागले.

‘श्वास’चे नाव निघाले की ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागासाठी भारताने पाठवायच्या अधिकृत प्रवेशिकेचा विषय येतोच, आणि सप्टेंबरची पाने त्यावरच खर्ची पडली. फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाच्या समितीने या वेळी नीरज घायवान यांच्या ‘होमबाउंड’ची निवड केली. प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठवता येतो, आणि आजवर ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’ या तिघांच्या नामांकनांपलीकडे आपली मजल गेलेली नाही. मराठीतून ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ पाठवले गेले. यांपैकी ‘श्वास’च्या वेळी अमेरिकेतील प्रचारासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली होती, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. चांगला चित्रपट निवडला की काम झाले, अशी आपली समजूत आजही कायम आहे. प्रत्यक्षात सप्टेंबरच्या उत्तरार्धात निवड झाली तर नामांकनांआधी डिसेंबरमध्ये लागणाऱ्या पंधरा चित्रपटांच्या यादीपर्यंत जेमतेम तीन महिने उरतात, आणि तेवढ्यात अमेरिकी वितरक शोधून मतदारांना चित्रपट दाखवणे हे ज्याचे वितरण आधीच ठरलेले आहे त्यालाच साधते. म्हणूनच २०२४ मध्ये आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या माजी विद्यार्थिनी पायल कपाडिया यांचा, कान महोत्सवात ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळवलेला चित्रपट समितीने बाजूला ठेवला, तो निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. गुणवत्तेचा वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी निम्मी वाट आधीच चालून झालेला चित्रपट हाताशी असताना नव्याने सुरुवात करण्यात व्यवहार दिसत नाही.

त्याच महिन्यात रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ आपल्याकडे प्रदर्शित झाला. जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागातील परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार त्याने मिळवला होता. अशा पुरस्काराची किंमत मी ऑस्करच्या नामांकनापेक्षा कमी मानत नाही, कारण त्यामुळे एक मराठी चित्रपट प्रदर्शनापर्यंत पोहोचण्याची वाट सोपी होते. ज्यांनी तो अजून पाहिलेला नाही त्यांनी येथील वाचन थांबवून खेळ शोधला तरी चालेल.

पुढील हंगामासाठी वहीत दोन बदल केले आहेत. ॲकॅडमीने अंतिम फेरीत मत देण्यापूर्वी त्या विभागातील सर्व नामांकित चित्रपट पाहिलेले असणे आता सक्तीचे केले आहे. आमच्या अटीशी हा नियम जुळतो, पण तो पाळला गेला की नाही हे ठरवण्याची ॲकॅडमीची रीत आमच्या भज्यांच्या रीतीपेक्षा कडक असावी, अशी आशा आहे. दुसरे म्हणजे, कलाकारांच्या निवडीसाठी, म्हणजे कास्टिंगसाठी, प्रथमच स्वतंत्र पुरस्कार दिला जाणार असल्याने त्या विभागाचे नवे पान जोडले आहे. हे काम पडद्यावर नेमके कशावरून ओळखायचे, याविषयी मंडळींत एकवाक्यता झालेली नाही, आणि ज्यांना या विषयात गती आहे त्यांनी आपले निकष जरूर कळवावेत. सोहळा १५ मार्च २०२६ रोजी आहे, आपल्याकडे सोमवारी पहाटे. या वेळचे आमचे मतदान सोहळ्याच्या आधी घ्यायचे आहे, त्यामुळे नामांकने जाहीर होताच कोणता चित्रपट पुण्यात केव्हा आणि कोठे पाहता येईल याची यादी करण्याचे काम दोघांकडे सोपवले आहे, आणि ताटल्या या खेपेला ज्याच्या घरी मतदान असेल त्याने आणायच्या आहेत.