औषध काही सुरू आहे का?

२४ ऑक्टोबर

सोयाबीनचा शेवटचा कट्टा घरात पडला आणि मी भरदुपारी खाटेवर आडवा झालो. उजव्या बरगडीखाली आठवडाभर काहीतरी बसल्यासारखं वाटतंय. कळ नाही, ठणका नाही. वाकलो की कळतं, सरळ झालो की विसरायला होतं. थ्रेशरच्या धुरळ्यात दिवसभर कट्टे उचलले, त्याचंच असेल म्हणून सोडून दिलं होतं. पण भूकही मेल्यासारखी झाली, म्हणून परवा तालुक्याला जाऊन रक्त दिलं.

रिपोर्ट आज मोबाइलवर आला. लिव्हरच्या तपासणीत एसजीपीटी ९६, एसजीओटी ६२. दोन्हींसमोर ठळक 'एच', म्हणजे हाय, आणि बाजूला लिहिलेलं की ४०पर्यंत ठीक. खाली बिलिरुबिन ०.९, अल्ब्युमिन ४.२, प्लेटलेट २ लाख ४० हजार, म्हणजे सगळं जागच्या जागी. पण त्यांच्याकडे कोण पाहतं? डोळे त्या दोन 'एच'वरून हलेनात.

जवळच्या दवाखान्यात दाखवलं. तिथं अंगठ्यानं रिपोर्ट वर-खाली सरकवला, "लिव्हर सुजलंय" म्हणाले, एक सलाईन लावली आणि टॉनिकची बाटली हातात दिली. आठशे रुपये झाले. पोटाला हातही लावला नाही. राग त्याचाच जास्त आला.

घरी आलो तर मायनं पहिला प्रश्न टाकला, "काऊन रे बाबू, कुठं घेत तं नाई ना तू?"

माझ्या गळ्यात सतरा वर्षांपासून माळ आहे. तरी मायनं विचारलंच. संध्याकाळी पानटपरीवर चुलतभाऊ खर्रा घोटता घोटता म्हणाला, "भाऊ, माळ घालून बी?" लोक हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. आमच्या गावात लिव्हर हा शब्द दारूला चिकटूनच येतो. गेल्या दहा वर्षांत तिघं पोट फुगून गेले, तिघंही पिणारे. त्यामुळे न पिणाऱ्याचं लिव्हर बिघडू शकतं हे कुणाला पटतच नाही.

२६ ऑक्टोबर

आज जिल्ह्याच्या गावी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. बायको सोबत होती. डॉक्टर बाई मोजकं बोलणाऱ्या. झोपायला लावून बरगडीखाली बोटं रुतवली, मोठा श्वास घ्यायला सांगितला, मग प्रश्नांची सरबत्ती. दारू? कधी कावीळ? कधी रक्त चढवलं? घरात कुणाला सिकलसेल? आपल्या भागात हे विचारतातच. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर फुटतात, बिलिरुबिन चढतं, पित्ताशयात खडे होतात आणि मग दुखणं नेमकं याच जागी येतं.

सगळ्याला नाही म्हणालो.

"औषध काही सुरू आहे का?"

"नाही."

"अहो, तो गुळवेलाचा काढा?" बायको बोलली. "आन् कंबरेची पुडी?"

मला तिचा रागच आला. काढा म्हणजे काय औषध झालं? आमच्या आवारातल्या निंबावर गुळवेल चढलाय. कोरोनात बोटाएवढ्या जाड वेलाचा तुकडा कापून उकळायला लागलो ते आजतागायत. वरची कागदासारखी साल नखानं सोलली की आत हिरवं निघतं, ते ठेचायचं, रोज सकाळी एक पेला. निंबावरचा गुळवेल तर सगळ्यात गुणाचा मानतात. पुडीचं म्हणाल तर कंबर दुखते म्हणून मळणीच्या पंधरवड्यात रोज एक घेतली असेल, कधी दोन. तिच्यात काय असतं, मला माहीत नाही. देणाऱ्यालाही नसावं.

बाईंनी पेन खाली ठेवला. २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं होतं, आयुष मंत्रालयाने ते लगेच खोडून काढलं, तो वाद मला त्यांच्याकडूनच कळला. "वादात मला पडायचं नाही," म्हणाल्या, "पण आकडा वर असताना काढा, पुडी, ते टॉनिक, सगळं बंद. नाहीतर कशानं काय झालं हे मला कसं कळणार?"

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत असं. गोदामाबाहेर दाणे सांडलेले दिसले म्हणजे आत एखादा कट्टा फाटलाय एवढंच कळतं. उंदरानं कुरतडला की हूक लागला, हे दाणे सांगत नाहीत. एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशीतलं एन्झाइम, पेशी दुखावली की रक्तात उतरतं. एसजीओटी तर स्नायूंतही असतं, आठवडाभर कट्टे उचलणाऱ्याचं तेवढ्यानंही चढू शकतं. लिव्हर काम कसं करतंय हे बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ सांगतो. यातल्या बिलिरुबिन आणि अल्ब्युमिनकडे तर मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आणखी एक ऐकून चकित झालो. लिव्हरला आतून दुखतच नाही. दुखतं ते त्याच्या वरच्या आवरणाला, ते ताणलं गेलं तर. माझी सोनोग्राफी झाली, खडा नाही, ग्रेड वन फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये थोडी चरबी. बोटं बरगडीच्या कडेवर दाबली की दुखायचं आणि डोकं उचलून पोट कडक केलं की जास्तच. म्हणजे हे दुखणं बहुधा पोटाच्या स्नायूचं. आकडा वेगळा, दुखणं वेगळं, आणि मी दोघांची गाठ मारून बसलो होतो.

हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह. वय, दोन्ही आकडे आणि प्लेटलेट मिळून त्यांनी मोबाइलवर एक हिशेब केला, उत्तर आलं १.२४. १.३च्या खाली असेल तर लिव्हर कडक होत आल्याची शक्यता कमी, म्हणाल्या. दिवसाचे सहा चहा दोनवर आणायचे, वजन ७१चं ६६ करायचं, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, ताप आला, शौच काळी झाली किंवा उलटीतून रक्त पडलं तर मात्र तारखेची वाट पाहायची नाही. बायकोनं हे एवढंच पाठ करून घेतलं. उद्यापासून रोज सकाळी माझी खालची पापणी ओढून पाहणार म्हणते.

२ नोव्हेंबर

वावरात सीतादही झालं, कापूस वेचायच्या आधीची पूजा. दहीभात पोटभर खाल्ला. दुखणं गेलं, कधी गेलं ते कळलंच नाही.

७ डिसेंबर

एसजीपीटी ५१, एसजीओटी ३३. एक 'एच' गेला, एक उरला. मला विचारायचं होतं की उतरलं ते काढा सोडल्यानं, पुडी सोडल्यानं, चहा कमी केल्यानं की मळणी संपल्यानं. बाई म्हणाल्या, सगळं एकदम बंद केलंत, आता वेगळं काढता येणार नाही. उरलेला आकडा चरबीचा असावा, तीन महिन्यांनी पाहू. वजन अजून ६९.

घरी आलो तर चुलीवर तेच पातेलं, तोच कडवट वास.

"माय, हे कोणासाठी?"

"मीच पेतो ना बाबू. तू सोडलं, मंग वेल वाया काऊन घालवाचा? पयले तुयं उरलेलं पेत होतो."

कधीपासून, विचारलं तर म्हणे तुझ्यासारखंच, कोरोनापासून. मायचं वय बहात्तर. बीपीची गोळी वेगळी चालू.

"आन् औषध काई घेतं का तू?"

"नाई बाप्पा. बीपीची गोळी तेवढी."

उद्या सकाळच्या एसटीनं तिला घेऊन जातो. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हटल्यावर काढा तरी पिऊन येऊ दे म्हणतेय.