काळ्या केसांवर राणी कलर: तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, हा रंग घरीच केलात का? काळ्या केसावर बसतो?"

मी लातुरात अकरावी-बारावीच्या मुलींना केमिस्ट्री शिकवते. वर्षभर त्यांचे प्रश्न असतात मोलॅरिटीचे आणि बेंझिनचे. मे महिन्यात नीटचा पेपर झाला की होस्टेल सोडायच्या आधी मुली भेटायला येतात आणि माझ्या राणी कलरच्या वेणीकडे बघत हा प्रश्न विचारतात. त्यांना घ्यायला आलेल्या आयांचा प्रश्न वेगळा असतो. "लेक लई मागं लागलीय. केस जातेत का हो मॅडम यानं?" अर्धवट ऐकून केलेलं ब्लीच टाळू भाजतं, त्यामुळं दोघींनाही दारात उभ्या उभ्या उत्तर द्यावंसं वाटत नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

हो, घरीच केला. पण तो काळ्यावर बसलेला नाही. काळा उतरवल्यावर खाली जे उरलं, त्यावर बसलाय. डब्यातला राणी, मोरपंखी किंवा जांभळा रंग तसाच काळ्या केसांना फासला तर उन्हात थोडी झाक मारते, घरात आल्यावर काहीच दिसत नाही. हे रंग केसाच्या बाहेरच्या थरात जाऊन बसतात, आतल्या काळ्याला हात लावत नाहीत. त्यामुळं सगळी मेहनत आणि सगळी जोखीम काळा उतरवण्यात आहे. रंग लावणं त्यामानानं किरकोळ.

केस काळे दिसतात ते मेलॅनिनमुळं. त्यातलं युमेलॅनिन काळं-तपकिरी आणि फिओमेलॅनिन तांबूस-पिवळं. ब्लीच पावडरमध्ये परसल्फेट असतं आणि डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. दोन्ही कालवून लावलं की केसावरचे खवले उघडतात, पेरॉक्साइड आत शिरतं आणि मेलॅनिनचं ऑक्सिडेशन होऊन ते तुटतं. काळं लवकर तुटतं, तांबूस चिवट असतं. म्हणून आपले केस आधी विटकरी होतात, मग नारिंगी, मग पिवळे, आणि फार ताणलं तर शेवटी केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखे फिकट. पण ते ऑक्सिडेशन मेलॅनिनपाशी थांबत नाही. केस ज्या प्रथिनाचा बनलेला असतो त्या केराटिनमध्ये गंधकाचे जे बंध केसाला बळकटी देतात, तेही तुटत जातात. हे बंध ज्यात असतात त्या सिस्टीनचं सिस्टेइक आम्ल झालं की ते परत सिस्टीन होत नाही. टाळूच्या बाहेर आलेला केस जिवंत नसतो, तो स्वतःला सांधू शकत नाही. आयांच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे: टाळू भाजू दिली नाही तर मुळं शाबूत राहतात, नवे केस काळेच येतात. पण हाव धरली तर लांबीतले केस रबरासारखे ताणले जाऊन मधूनच तुटतात.

म्हणून माझं मत ठाम आहे. घरी करायचं असेल तर नारिंगीवर थांबायचं, आणि नारिंगीवर जे खुलतं तेच निवडायचं. राणी, डाळिंबी, लाल, शेंदरी. हे रंग खालच्या नारिंगीला सोबत घेऊन उजळतात. निळा रंग नारिंगीवर घातला की दोघं एकमेकांना मारतात आणि हाती मळकट काहीतरी लागतं. जांभळा तपकिरीकडे झुकतो. पिवळ्यावर निळा हिरवट दिसतो, हे तर चित्रकलेच्या तासालाच शिकलेलं असतं. मुली मोबाइलवर फिकट जांभळ्या, पुदिन्याच्या रंगाच्या केसांचे फोटो दाखवतात. ते रंग सुंदर आहेत, मलाही आवडतात. पण त्यासाठी अगदी फिकट पिवळ्यापर्यंत जावं लागतं, आणि काळ्या केसांना ते एका बैठकीत झेपत नाही. ते काम शिकलेल्या हातांकडे, पार्लरमध्ये, मध्ये काही आठवडे सोडून.

आता मेहंदी. आमच्याकडं घराघरात केसांना मेहंदी लागते, त्यामुळं सगळ्यात आधी मी तेच विचारते. काय लावलं होतं, पाकिटावर काय लिहिलं होतं? शुद्ध मेहंदीचा रंग केराटिनला घट्ट धरतो, ब्लीचनं सहजी जात नाही, नारिंगी राहतो. राणी करायचा असेल तर तेवढी अडचण नाही. मेहंदीवर नीळ, म्हणजे इंडिगोच्या पानांची पावडर, लावली असेल तर ब्लीचनंतर हिरवट छटा येऊ शकते. काळी मेहंदी मात्र वेगळं प्रकरण आहे. त्यात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं, ज्याची काहींना जोरदार ॲलर्जी होते. काही पाकिटांत धातूंचे क्षारही असतात. त्यांची पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापतात आणि तुटतात. पाकीट आठवत नसेल तर मानेवरच्या खालच्या थरातली पातळ बट कापून घ्या आणि कालवलेल्या ब्लीचमध्ये प्लास्टिकच्या वाटीत ठेवून बघा. गरम झाली, धूर आला, विरघळल्यासारखी झाली, तर डोक्याला ब्लीच लावायचं नाही. त्याला दुसरा पर्याय नाही. तेवढे केस वाढून कापले जाईपर्यंत थांबावं लागतं.

बट ठीक निघाली तरी ती उपयोगाची आहेच. ती किती वेळात नारिंगी झाली ते लिहून ठेवा. आणि ब्लीच व रंग दोन्हींचा ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास बघा. खाज, लाली, फोड आले तर तिथंच थांबा.

पाण्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण याबद्दल कुणी सांगत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यानंतर इथली बाई पाणी मोजून वापरते, आणि रंगीत केस हे पाणी मागणारं काम आहे. त्यात बोअरचं पाणी जड. बादलीला, नळाच्या तोटीला पांढरा थर धरतो, तोच थर केसांवरही बसतो. साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात आणि रंग कितीही चांगला असला तरी निस्तेज दिसतो. पाण्यात लोह किंवा तांबं असेल तर ते केसात साठतं आणि ब्लीचच्या वेळी पेरॉक्साइडचं विघटन भराभर करतं. म्हणून ब्लीचच्या दोन दिवस आधी ईडीटीए असलेल्या शाम्पूनं केस धुवा. मुलींनो, हे तेच ईडीटीए, ज्यानं प्रयोगशाळेत पाण्याचा जडपणा मोजतात. कॅल्शियम, मॅग्नेशियमला ते पकडून ठेवतं. शेवटचं खळबळणं जारच्या पाण्यानं, म्हणजे आरओच्या. जार परवडत नसेल तर पाणी उकळून, गार करून, वरचं नितळ घ्या. बायकार्बोनेटमुळं आलेला जडपणा तेवढ्यानं कमी होतो, सल्फेट-क्लोराइडचा राहतो. आणि ब्लीच धुतलेलं पाणी तुळशीला, कुंड्यांना घालू नका. आपल्याकडं आंघोळीचं पाणीसुद्धा झाडांना घालायची सवय असते, पण हे पाणी तेवढं मोरीत जाऊ द्या.

लावण्याबद्दल थोडक्यात. डेव्हलपर २० व्हॉल्यूमचा, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड. ४० व्हॉल्यूममध्ये १२ टक्के असतं. ते घरी आणूच नका, वेगाच्या नादात टाळूवर फोड येतात. आदल्या रात्री खोबरेल तेल लावून ठेवा, ते केसाच्या आत शिरतं आणि प्रथिनांची झीज कमी करतं. धातूचं भांडं-चमचा नको, हातमोजे हवेत, खिडकी उघडी हवी, आणि कालवलेलं ब्लीच झाकण घट्ट लावून ठेवायचं नाही, आत वायू साठतो. सुरुवात लांबीपासून करा, मुळं दोन-तीन सेंटिमीटर सोडून. टाळूच्या उबेनं मुळं लवकर उजळतात, त्यांना शेवटी घ्या. खरं तर पहिल्यांदा करताना मुळं सोडूनच द्यावीत असं मी सांगते. ब्लीच टाळूला लागतच नाही, आणि वाढलेल्या काळ्याची रेघही खटकत नाही. माझी वेणी अशीच आहे, वर काळी, खाली राणी. दर पाच-सात मिनिटांनी एक बट पुसून बघा. पाकिटावरच्या वेळेपुढं एक मिनिटही नाही, मग केस कुठल्याही छटेला असोत. टाळू चुरचुरली, जळजळली की लगेच धुवायचं.

आणि हे सगळं मेमध्ये करू नका. परीक्षा संपल्याचा आनंद मला कळतो, दोन वर्षं मुलींनी स्वतःला घड्याळाला बांधून घेतलेलं असतं. पण पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ब्लीच झपाट्यानं चढतं, नजर चुकली की काम पुढं गेलेलं असतं. घामानं रंग उशीवर आणि ड्रेसच्या गळ्यावर उतरतो, उन्हानं फिकटतो, आणि टँकरची वाट बघायची असते ती वेगळीच. दिवाळीनंतर करा. थंडीत ब्लीच सावकाश चालतं, हाताशी विचार करायला वेळ राहतो. ज्यांना अगदी आत्ताच हौस आहे त्यांनी मानेवरच्या खालच्या थरातल्या दोन-तीन बटा रंगवाव्यात. आजोळी गेल्यावर आजी "काय केलीस गं माय हे केसाला?" म्हणायच्या आत केस मोकळे सोडले की बटा झाकल्या जातात.

पुढं रंग टिकवायचा तर केस आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा धुवा, गार पाण्यानं. कंडिशनरमध्ये चमचाभर रंग मिसळून ठेवला आणि दर धुण्याला लावला तर राणी राणीच राहतो, आणि पाणीही जास्त लागत नाही. स्कूटीवर जाताना तोंडाला बांधता तो स्कार्फ केसांनाही पुरेल एवढा घ्या, पण पांढरा नको.

दिवाळीनंतर ज्यांना करायचं असेल त्यांनी कापून ब्लीच केलेली बट कागदावर चिकटवून आणा. शेजारी किती मिनिटं ठेवली ते लिहा, आधी काय लावलं होतं तेही. बट कुठल्या नारिंगीवर थांबलीय ते बघून रंग आपण तेव्हाच ठरवू.