मोत माउलीच्या वाटेवर

वसईहून पायी निघताना फादरांनी सांगितलं होतं, या वेळी स्वतःसाठी काही मागायचं नाही. वांद्र्याला मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, पायांशी जायचं ते मुंबईच्या माणसांसाठी. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात बंदी करून नेलेल्या लोकांना लिहिलं होतं तेच: ज्या नगरात राहता त्याच्या भल्यासाठी देवाकडे मागा. आमची निम्मी वसई रोज पहाटे लोकलला लटकून त्या नगरात जाते. माझ्या नोकरीची सगळी वर्षं तिथेच गेली. मला दुसरं कारण लागलं नाही.

वर्सोव्याचा पूल, काशीमिरा, दहिसर चेकनाका. पाऊस, मग ऊन, मग परत पाऊस. पहिल्या दिवसाचं फारसं काही आठवत नाही. बोरिवलीला चर्चच्या हॉलमध्ये गरम खिचडी मिळाली आणि पाठ टेकली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी शनिवार आणि त्यातच गणेश चतुर्थी. मालाडपर्यंत टेम्पोतून, रिक्षातून, मांडीवरून गणपती घरी चालले होते. त्यांचं मोरया आणि आमची जपमाळ एकमेकांत मिसळत होती. शनिवारची आनंदाची रहस्यं, म्हणजे जपमाळ म्हणताना मनात आणायचे मरिया आणि येशूच्या आयुष्यातले आनंदाचे प्रसंग, मला फार प्रिय. मरिया आपल्या नात्यातल्या अलिशिबेला भेटायला डोंगराळ मुलखात लगबगीने निघते, तिथे माझा जीव दर वेळी अडकतो. पण ज्या बाईंच्या हातात माईक होता त्या ‘नमो मरिये’ इतक्या भरभर म्हणत होत्या की एक शब्दही आत उतरेना. मला राग आला. मनात राग आणि ओठांवर माउलीचं नाव, बराच वेळ दोन्ही माझ्यासोबत चालले.

फादर मध्येच थांबून कोणासाठी मागायचं ते सांगत. आरेच्या नाक्यावर आतल्या पाड्यांतल्या वारली कुटुंबांसाठी. जोगेश्वरीला ट्रॉमा हॉस्पिटलसमोर रात्रपाळीच्या नर्सेससाठी. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या सफाई कामगारांसाठी. मी ‘आमेन’ म्हणत होते, पण मन लागत नव्हतं. एवढ्या मोठ्या शहरासाठी काय मागायचं? कुणाचा चेहरा समोर येत नव्हता.

अंधेरीच्या अलीकडे उजव्या पायाच्या करंगळीशेजारचा फोड फुटला. चपलेचा पट्टा नेमका तिथेच घासत होता. तांडा पुढे गेला, कुणी मागे वळून पाहिलं नाही. हायवेच्या कडेला पंक्चरवाल्याचं दुकान होतं. दुकान कसलं, एक बाकडं, हवेचा पंप, टांगलेल्या ट्यूब आणि पंक्चर शोधायचं काळ्या पाण्याचं घमेलं. मी न विचारताच बाकड्यावर बसले. म्हातारे चाचा टायर खोलत होते. त्यांनी आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग घमेल्यातलं पाणी ओतून दिलं. साबण लावून, चिंधीने घासून घमेलं दोनदा धुतलं, कॅनमधलं स्वच्छ पाणी भरलं आणि शेजारच्या चहावाल्याकडून मूठभर मीठ आणून त्यात टाकलं. “पैर डालो, बेटी.”

मी संकोचले. “पिने का पानी है, गंदा नहीं है,” ते म्हणाले. त्यांना वाटलं मला पाण्याची शंका आली. पाय बुडवला तेव्हा मिठाने आग आग झाली, डोळ्यांत पाणी आलं. पवित्र गुरुवारी वेदीसमोर बारा जणांचे पाय धुतले जाताना मी कितीदा पाहिलंय. माझ्यासाठी कुणी घमेलं धुतलं नव्हतं.

तोवर त्यांनी जुन्या ट्यूबचा मऊ तुकडा कापून पट्ट्याच्या आत सोल्यूशनने चिकटवला. “सूखने तक बैठो.” बसले. मग ते बोलले. त्यांच्या वस्तीत एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची, इमारत होणार. 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या झोपडीला फुकट घर, त्यानंतर 2011 पर्यंतच्यांना पैसे भरून. चाचांच्या जवळचा सगळ्यात जुना कागद 2013 चा. यादीत नावापुढे ‘अपात्र’. हे सांगताना आवाज चढला नाही, हात पान्यावर चालूच होता.

“माउंट मेरी जा रही हो ना? वहाँ मोम का घर चढ़ाते हैं, सुना है. एक मेरा भी.” खिशातून पन्नासची नोट काढली. मी नको म्हटलं तर म्हणाले, “घर मेरा है, तो पैसा भी मेरा लगेगा.”

पार्ले, वाकोला, कलानगर. हिल रोड. संध्याकाळ.

जत्रा रविवारपासून, तरी टेकडीवर रांग होतीच. गजरे माळलेल्या कोळणी, एक गुजराती कुटुंब, बुरख्यातली एक मुलगी मेणाचं बाळ छातीशी धरून. टपऱ्यांवर मेणाचे हात, पाय, बाळं, घरं. मी नोट दिली आणि घर घेतलं, छोटंसं, कौलारू. वेदीपाशी स्वयंसेवकाने ते माझ्या हातातून जवळजवळ ओढून मागच्या ढिगात ठेवलं. “चला, चला, पुढे.” चाचांचं घर होतं ते. घडीभर तरी हातात राहू द्यायचं होतं. मी कठड्याला धरून तिथेच उभी राहिले, त्याने पुन्हा हटकलं तरी हलले नाही.

माउली, तुला माहीत आहे. 1739 मध्ये मराठ्यांची स्वारी झाली तेव्हा ही टेकडी तुलाही सुटली. 1761 मध्ये परत येईपर्यंत तू माहीमला सेंट मायकल चर्चमध्ये राहिलीस, दुसऱ्याच्या छपराखाली. अंधेरीच्या अलीकडे हायवेला एक पंक्चरवाले चाचा आहेत. त्यांचं नाव त्या यादीत आहे, तूच वाच. त्यांच्यासाठी माग. त्यांच्या गल्लीतल्या ज्यांचे कागद उशिराचे आहेत त्या सगळ्यांसाठी माग. भरधाव नमो मरिये म्हणणाऱ्या आमच्या बाईंसाठी, आणि ‘चला, चला’ म्हणणाऱ्या या पोरासाठी, तोही सकाळपासून उभा आहे. आमेन.