माळा नसलेली घरं

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो शहराच्या ग्रीनमेडो वसाहतीतल्या एका घराच्या दिवाणखान्यात मान वर केली आणि छतातून बाहेर आलेली खिळ्यांची टोकं दिसली. एकदोन नाहीत, ओळीने. सत्तर वर्षं मुरलेलं लाकडी छत, त्याखाली जमिनीपासून वरपर्यंत काच, काचेपलीकडे बाग, आणि या सगळ्यात पाऊण पाऊण इंच खाली डोकावणारं लोखंड. छपराचं काम करणाऱ्याने फळी किती जाडीची आहे हे विचारलंच नसणार. गोल्डन गेट, योसेमिटी, मॉन्टेरेचा किनारा सगळं पाहून झालं, सगळं सुंदर आहे, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहायला बसले ती या खिळ्यांमुळे.

ही घरं आइकलर घरं म्हणून ओळखली जातात. बांधणारे जोसेफ आइकलर (1900–1974) वास्तुविशारद नव्हते, लोणी-अंड्यांच्या घाऊक धंद्यातले होते. 1940च्या दशकात ते हिल्सबरो गावात नामवंत वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी रचलेल्या बॅझेट हाउसमध्ये काही काळ भाड्याने राहिले आणि असं घर साध्या नोकरदाराला का मिळू नये, या विचाराने बांधकामात उतरले. अँशेन आणि अ‍ॅलन, जोन्स आणि एमन्स, पुढे क्लॉड ओकलंड अशा चांगल्या वास्तुविशारदांना हाताशी धरून त्यांच्या कंपनीने 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे 11,000 घरं उभी केली, बहुतेक सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास. आज पालो आल्टोत यातलं एखादं वीस लाख डॉलरच्या खाली मिळणं कठीण. तो साधा नोकरदार केव्हाच बाहेर पडला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घर उभं कसं आहे ते सांगते, म्हणजे खिळ्यांचं कळेल. खाली चारेक इंचांचा काँक्रीटचा कोबा. त्यावर साडेतीन इंची चौकोनी खांब, खांबांवर लांब तुळया. तुळयांवर दीड इंच जाडीच्या, कडेची जीभ शेजारणीच्या खाचेत बसवलेल्या फळ्या. संपलं. फळ्यांची खालची बाजू हे घराचं छत, वरची बाजू हा छपराचा पाया. मध्ये माळा नाही, पोकळी नाही. भार खांबांवर असल्यामुळे बाहेरच्या भिंती वाटेल तितक्या काचेच्या करता येतात. या घरांची सगळी मोहिनी याच काटकसरीत आहे, आणि सगळी दुखणीही.

नेहमीच्या अमेरिकन घरात छपराचा खिळा लांब असला तर तो माळ्यात निघतो, कोणाला दिसत नाही. इथे फळीत दीड इंचापेक्षा जास्त शिरलेला खिळा थेट तुमच्या डोक्यावर निघतो. मूळ छप्पर डांबर आणि खडीचं होतं, उष्णता अडवणारं त्यात जवळपास काही नव्हतं. सप्टेंबरच्या उन्हात खोल्या तापतात म्हणून लोक वर दोन इंच जाडीचे फोमचे तक्ते टाकून घेतात. तक्ता धरून ठेवायला तीन इंची स्क्रू लागतो, आणि हिशेब उघड आहे: दोन इंच तक्ता, दीड इंच फळी. साडेतीन इंचांच्या स्क्रूने घात होतोच, तीन इंचीही जास्त दाबून बसवला तर फळीची खालची बाजू चिरण्याची भीती असते. अशा छपरावर तक्ते चिकटवायचे असतात. किंवा दुसरा, इथे खूप चालणारा मार्ग म्हणजे फवारून टाकायचा पॉलियुरेथेन फोम. तो द्रवरूपात पडतो आणि काही सेकंदांत फुगून घट्ट होतो, खिळा लागत नाही. जिथे पाणी साचतं तिथे थर जाड करून उतारही काढता येतो. मात्र उघडा फोम उन्हाने पिवळा पडून भुगा होतो, म्हणून वर लेप हवाच आणि दहा-पंधरा वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागतो. आधी विजेचं सगळं ठरवून घ्यावं. माळा नसल्याने नव्या दिव्याची तार फळ्यांच्या वरूनच न्यावी लागते, आणि फोम पडल्यावर सुचलेला दिवा फार महाग पडतो.

जवळच्या सनीवेल शहरात, फेअरब्रे भागातल्या आइकलर घरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाकडे दोन दिवस मुक्काम होता. पाहुणचार भरभरून. पण मनात राहिली ती सकाळची जमीन. फेब्रुवारीची थंडी, बाहेर गवतावर पांढरं दव, आणि अनवाणी पायाला कोमट फरशी. कोब्यात नळ्यांची वेटोळी गाडलेली आहेत, त्यांतून बॉयलरचं गरम पाणी फिरतं. पंखा नाही, आवाज नाही, धूळ उडत नाही. उष्णता पायाकडून वर येते. राइट यांच्या लहान घरांतून ही पद्धत आइकलर यांच्याकडे आली. इतकी सुखाची उष्णता मी दुसऱ्या कुठल्याही घरात अनुभवलेली नाही.

तिला सांभाळावं मात्र लागतं. नळ्या तांब्याच्या असतील तर दैव चांगलं. 1950च्या दशकात कोरियातल्या युद्धामुळे तांब्याची चणचण झाली आणि पुष्कळ घरांत पोलादी नळ्या गेल्या. त्या आतून-बाहेरून गंजतात. गळती लागली की आधी तीन गोष्टी दिसतात: बॉयलरवरच्या काट्याचा दाब उतरत राहतो, गॅसचं बिल चढतं आणि जमिनीवर एखादा ठिपका बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागतो. खात्री करायला बॉयलरमध्ये येणारं नवं पाणी बंद करून दाब पाहायचा. मग झडप बंद करून एकेक वेटोळं वेगळं पाडायचं आणि कोणतं गळतं ते शोधायचं. गळकं वेटोळं सापडलं की नळीत हेलियम सोडून जमिनीवर यंत्राने हुंगतात आणि नेमका फूटभर कोबा फोडतात. तांब्याला जोड देता येतो. पोलादाला एक जोड दिला की वर्षा-दोन वर्षांत दुसरीकडे फुटतं, कारण गंज एका ठिकाणी थांबलेला नसतो. अशा वेळी बरेच जण नळ्या सोडून देऊन भिंतीवर हीट पंप, म्हणजे एसीसारखं गरम हवा सोडणारं यंत्र, बसवतात. नाइलाज समजतो, तरी पाहताना जीव हळहळतो.

यजमानीणबाईंनी सांगितलेली युक्ती लिहून ठेवली आहे. जमिनीत काहीही ठोकण्यापूर्वी, अगदी दाराचा अडसर बसवण्यापूर्वी, हीटर सुरू करून फरशीवर ओलं फडकं फिरवायचं. नळीवरचा पट्टा आधी वाळतो. तो खडूने आखून घ्यायचा आणि त्यापासून दूर भोक पाडायचं. जाड गालिचा किंवा जाड लाकडी फळ्या या जमिनीवर नकोत, उष्णता अडते. पातळ टाइल किंवा कॉर्क उत्तम. मूळ व्हिनाइल टाइल निघाल्या तर त्यांत आणि खालच्या काळ्या डिंकात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव धरायचा, तपासणी करायची, स्वतः खरवडायचं नाही. आणि तापमान सतत खालीवर करायचं नाही. कोबा तापायला तास लागतात, निवायलाही.

रस्त्यावरून ही घरं काहीच सांगत नाहीत. उभ्या खाचांची लाकडी भिंत, गॅरेजचं दार, एक साधा दरवाजा, खिडकी नाहीच. ग्रीनमेडोच्या नेल्सन ड्राइव्हवर चालत गेलं तर निराशा होईल. ओळख काढून आत गेल्याशिवाय इथे येण्यात अर्थ नाही, आणि ओळख नसताना कोणाच्या कुंपणावरून डोकावू नये, इथल्या माणसांना त्याचा फार त्रास होतो. ही वसाहत 2005पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत आहे. तिथल्या घरांना चौक नाही, तो 1950च्या दशकाच्या अखेरीच्या घरांत आला. सनीवेलच्या यजमानांकडे होता: दरवाजा उघडला की पुन्हा आकाश, आणि चारी बाजूंनी काचेआड घर.

वाड्याचा चौक आठवतोच, पण फरक मोठा आहे. वाड्यात चौकाभोवती पडवी असते, पागोळ्या दगडी पन्हळीत पडतात, आणि चौकाची जमीन घराच्या जोत्यापेक्षा चांगली खाली असते. इथे काच चौकाच्या कडेवरच उभी आणि दोन्हीकडची जमीन जवळजवळ एका पातळीवर. दिसायला ते फार देखणं, आतबाहेर एकच सलग तळ. पण चौकातली एक मोरी पानांनी तुंबली की पाणी थेट बैठकीत. म्हणून पहिल्या पावसाआधी, ऑक्टोबरात, मोरीत बादलीभर पाणी ओतून ते किती वेगाने जातं ते पाहतात. चौकावर काचेचं छप्पर टाकायचा मोह पुष्कळांना होतो. मग घर कोंदतं आणि उन्हाळ्यात तो चौक भट्टी होतो.

काचेविषयी एकच. जुन्या काचा साध्या आहेत, फुटल्या की सुऱ्यासारखे लांब तुकडे पडतात. लहान मुलं असतील तर फिल्म लावावी किंवा टफन्ड काच घ्यावी. दुहेरी काच बसवायची तर ती इंचभर जाड असते आणि मूळ खाच पाव इंची काचेसाठी आहे, तेव्हा लाकडी पट्ट्या नव्याने कराव्या लागतात. ते टाळायला लोक प्लॅस्टिकच्या चौकटीची तयार खिडकी ठोकतात. खांब जाड दिसायला लागतो आणि खोलीतलं आकाश आक्रसतं.

खांबांचे पाय आणि छपराबाहेर आलेली तुळईची टोकं कुजतात. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा, सहज आत गेला तर लाकूड गेलं. बहुतेक वेळा कारण एकच: बागेची माती खांबापर्यंत चढवलेली असते. ती सहा इंच खाली ठेवली तर खांब आयुष्यभर टिकतो.

सर्वांत जास्त खटकला तो पांढरा रंग. आतल्या भिंतींना लाउआन नावाच्या लाकडाची पाव इंच जाडीची प्लायवूड होती, तांबूस, उबदार. घर विकण्यापूर्वी उजेड वाढावा म्हणून तिच्यावर पांढरा रंग फासतात. तो परत निघत नाही: वरचा लाकडाचा पापुद्रा इतका पातळ आहे की घासताना तोच आधी जातो. एकदा रंगली की ती भिंत गेलीच.

सॅन मॅटिओ हायलंड्स ही आइकलर घरांची आणखी एक वसाहत टेकडीवर आहे, गाडीशिवाय जाऊ नये. तिथे 1956 सालचं एक्स-100 हे प्रयोग म्हणून बांधलेलं पोलादी घर बाहेरून पाहिलं. वारा बोचरा होता, पाच मिनिटांत परतलो. इथे सगळे सांगतात की स्टीव्ह जॉब्ज आइकलर घरात वाढले. ते घर प्रत्यक्षात त्याच धर्तीवर बांधणाऱ्या मॅके नावाच्या दुसऱ्या बिल्डरचं होतं, पण वास्तुविशारद तेच, अँशेन आणि अ‍ॅलन.

या रस्त्यांवर आज भारतीय, चिनी, कोरियन नावं जागोजागी दिसतात. त्यामागे आइकलर यांचा एक निर्णय आहे. वंश पाहून घर नाकारणं हा अमेरिकेत तेव्हा धंद्याचा रिवाज होता. ते कोणालाही घर विकत, आणि बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेने भेदभावाविरुद्ध भूमिका घ्यायला नकार दिला तेव्हा 1958 साली त्यांनी तिचा राजीनामा दिला. घरांच्या व्यवहारातला असा भेदभाव देशभर बेकायदा ठरला तो त्यानंतर दहा वर्षांनी, 1968 साली.

निघताना ग्रीनमेडोच्या यजमानांना खिळ्यांचं काय करणार विचारलं. ते रोज संध्याकाळी शिडी लावून थोडे थोडे कापतात. उपटायचे नाहीत, उपटले तर छपराला भोक पडून पाणी फळीत उतरतं. कंप पावणाऱ्या छोट्या करवतीने टोक फळीच्या पातळीला छाटायचं, फळीला आधी चिकटपट्टी लावून, म्हणजे ओरखडा येत नाही. मग बारीक ब्रशने जुन्या फळीच्या रंगाचा एक ठिपका. ब्रश आणि रंगाची डबी शिडीच्या वरच्या पायरीवर तशीच ठेवलेली होती.