गोगलगाय, ज्युरी आणि आमच्या चाळीचा जिना

अकरावीला मी कायदा हा विषय घेतला तेव्हा घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, "कायदा तर बारावीनंतर शिकतात ना?" शाळा केंब्रिज बोर्डाची, मी तिथे शिष्यवृत्तीवर. ए लेव्हलच्या, म्हणजे तिथल्या अकरावी-बारावीच्या, विषयांच्या यादीत अर्थशास्त्र आणि इतिहासाबरोबर 'लॉ' होतं. इंग्लंडात विद्यापीठात कायदा शिकायला हा विषय आधी घेतलेला असावा लागत नाही, असं समुपदेशक बाईंनीही सांगितलं. ते खरंच आहे. तरी मी घेतला, आजोबांमुळे.

आजोबा धोबी तलावच्या स्मॉल कॉज कोर्टात बेलिफ होते. समन्स बजावायचं, कोर्टाचा हुकूम घेऊन ताबा घ्यायला जायचं. गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवीच्या चाळींचे जिने ते एकतीस वर्षं चढले. "कागद माझ्या हातात असायचा," ते म्हणायचे, "पण न्यायाधीश त्या निर्णयापर्यंत कसे पोचले, ते कधी कळलं नाही." मला ते कळून घ्यायचं होतं.

चार पेपर होते. इंग्लंडची न्यायव्यवस्था, फौजदारी कायदा, करार आणि टॉर्ट. टॉर्टला पुस्तकात 'अपकृत्य' म्हणतात. आजोबांना मी सांगितलं, करार नसतानाही एखाद्याचं नुकसान झालं तर ते कोणी भरून द्यायचं, त्याचा कायदा.

पहिल्या निबंधाला 25 पैकी 9 मिळाले. कायद्याच्या बाईंनी खाली लिहिलं होतं, 'गोष्ट छान सांगितलीस, कायदा लावला नाहीस.' त्या रात्री मी रडले. दुसऱ्या दिवशी निबंधातला तोच खटला पुन्हा वाचायला घेतला.

1928 साली स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावात एका बाईला तिच्या मैत्रिणीने जिंजर बिअर घेऊन दिली. बाटली गडद काचेची, आतलं दिसत नव्हतं. अर्धी पिऊन झाल्यावर उरलेली ओतली, तर कुजलेली गोगलगाय बाहेर आली आणि आपण आजारी पडलो, असं त्या बाईचं म्हणणं. पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणजे दुकानदाराशी हिचा करार नाही. बाटली भरणाऱ्याशी तर नाहीच. मग दाद कोणाकडे मागायची? 1932 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टाने, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ठरवलं की बाटली भरणाऱ्यावर काळजी घेण्याची जबाबदारी आहे. त्यातले एक न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन यांनी विचारलं, कायद्याच्या दृष्टीने माझा शेजारी कोण? उत्तरही त्यांनीच दिलं. माझ्या वागण्याची झळ ज्याला थेट बसेल आणि हे करताना जो माझ्या डोळ्यांपुढे असायलाच हवा, तो.

गोगलगाय खरंच होती का, हे कोर्टात कधी सिद्धच झालं नाही. पुढे तडजोड झाली. पण शेजारी हा शब्द मला वाचल्याबरोबर समजला. वरच्या मजल्यावर कोणी गॅलरी धुतली की खालच्यांचे पापड भिजतात अशा चाळीत मी वाढले.

आजोबांना सर्वांत जास्त रस ज्युरीत, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांत. इंग्लंडात ज्युरीत बारा जण असतात. 1967 पर्यंत गुन्हेगार ठरवायला बाराही जणांचं एकमत लागायचं, आता दहा विरुद्ध दोनही चालतं. हे ऐकून ते एकदम म्हणाले, "आणि टिळकांना?" जुलै 1908 मध्ये मुंबई हायकोर्टात टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्युरीत नऊ जण होते. सात युरोपियनांनी दोषी म्हटलं, दोन पारशांनी निर्दोष. तेवढ्यावर सहा वर्षं मंडाले. त्याच वर्षी लंडनमध्ये ज्युरी अशी फुटली असती, तर शिक्षा देताच आली नसती. राज्य तेच आणि नियम वेगळे, हे मला इतिहासाच्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. आजोबांच्या ओळखीने आम्ही हायकोर्टात 46 नंबरच्या दालनाकडे गेलो. ज्युरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, हे टिळकांचे शब्द तिथे कोरलेले आहेत. आजोबा टोपी काढून उभे राहिले.

करार मला सोपा गेला, फौजदारी जड. शेवटच्या निबंधांत मी आधी वस्तुस्थिती, मग नियम, मग निकाल असं लिहायला शिकले. सतराव्या वर्षी ही सवय लागली याचं मोल मला फार वाटतं. आता मी पाच वर्षांच्या लॉच्या पहिल्या वर्षाला आहे.

गेल्या महिन्यात आमच्या जिन्याची तिसरी पायरी तुटली आणि समोरच्या काकू पडल्या. जागा ज्याच्या ताब्यात, त्याने येणाऱ्याजाणाऱ्याची काळजी घ्यायची, असा इंग्लंडचा 1957 चा कायदा आहे. गिरगावात तो लागू नाही, हे मला माहीत आहे. पण प्रश्न मला तिथूनच सुचला, आणि घरमालकाला पत्र लिहायला मी बसले.

आजोबांनी मसुदा वाचला. "छान. पण हे कोणाला पाठवतेस?"

"घरमालकाला."

"घरमालक म्हणजे कोण? नाव चुकलं की कागद परत येतो. माझे किती समन्स असे परत आले, तुला काय सांगू!"

कपाटावरून भाडेपावत्यांची पिशवी काढली. 1987 पासूनची एकेक पावती आजीने जपून ठेवली आहे. आजोबांनी चष्मा पुसला. पावत्यांवरचं नाव मधल्या काळात दोनदा बदललं होतं.