तुम्ही विचारलंत म्हणून: प्रचितगडाचा नकाशा

"मास्तर, नकाशा आहे ना तुमच्याकडे, मग द्यायला काय होतं?" हे मला शाळेतल्या पोरांनी विचारलंय, डॉक्टरांनी विचारलंय, गेल्या वर्षी माझ्याच मेहुण्याच्या तेराव्याला पंगतीत एकाने विचारलं, तेही एवढ्या मोठ्याने की वरण वाढणारा थांबून बघायला लागला. "शोधून ठेवतो" म्हणून मी वेळ मारून नेली. शोधायचं काही नाही. तो कागद तिकिटांच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत आहे आणि पेटी माझ्या खाटेखाली आहे. मला तो द्यायचा नाही. का नाही ते एकदाच लिहितो, म्हणजे पुढच्या पंगतीत निवांत जेवता येईल.

१९९९ च्या सुमारास मी एसटीत वाहक होतो आणि प्रचितगडाच्या पायथ्याच्या शृंगारपूरची वस्तीची गाडी माझ्याकडे होती. रात्री गाडी लावायची, पहाटेची फेरी घेऊन निघायचं. झोपायला गावातल्या तात्यांची पडवी. तात्या तेव्हा पंचेचाळिशीचे. कंबरेला आकडी, आकडीत कोयती, पायात काहीच नाही. माझी सुट्टी आली की ते मला वर घेऊन जायचे. पाचव्या की सहाव्या खेपेला मी वेबिलाच्या, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाच्या कागदाच्या, कोऱ्या पाठीवर बॉलपेनने वाट काढली. ओढा कुठे ओलांडायचा, कुठल्या आंब्यापासून वळायचं, कारवीची झुडपं कुठून कुठवर, मध्ये किती मिनिटं, सगळं. (वाहकाला मिनिटांची खोड असतेच.) गडाची शिडी, वर भैरी भवानीचं देऊळ, तोफा. आणि गडाच्या अलीकडून निघून घाटमाथ्यावरच्या सड्याकडे, म्हणजे कातळाच्या पठाराकडे, जाणारी एक तुटक रेघ. गडाला जाणाऱ्याला तिचा काही उपयोग नव्हता. मी आपली हौसेने काढली, कारण तिथवर मी गेलो होतो आणि ते कुणालातरी कळावं असं वाटत होतं.

ती रेघ खोटी नाही, हे आधी सांगतो. माझ्या नकाशामुळे पोरं चुकली असं म्हणणारे आमच्या गावात आहेत, त्यांनी ती रेघ माघात चालून बघावी. माघात सडा खळ्यासारखा टणक असतो. पायाखाली कुरकुरीत गवत, मध्येच उघडा जांभा, डोळे मिटून चाला. पण त्या जांभ्यावर माती असते वीतभर, कुठे हातभर, आणि पाऊस पडतो तो आपल्या किनाऱ्यावर पडतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. खाली कातळ, पाणी मुरणार कुठे? ते तिथेच साचतं. वरची गावं उठली, त्यांच्या भाताच्या खाचरांच्या मेरा, म्हणजे बांध, फुटल्या, खाचरं गवताने भरली, आता तिथे गवे चरतात. पावसात ती सगळी जागा उपळट होते, म्हणजे वरून हिरवीगार आणि आत नुसता चिखल. कार्तिकापर्यंत ते पाणी तिथून झिरपत असतं. थोडं पलीकडे वारणेला जातं, थोडं अलीकडे शास्त्रीला. शास्त्री संगमेश्वरावरून येऊन जयगडला समुद्राला मिळते. माझं घर त्याच खाडीवर आहे. तेव्हा त्या दलदलीचं पाणी माझ्या दारावरून जातं, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

२०१७ च्या गणपतीत चुलतभावाचा मुलगा मुंबईहून तीन मित्र घेऊन आला होता. गौरी-गणपतींचं विसर्जन झालं, रजा दोन दिवस उरली, पोरं कंटाळली. "काका, तो तुमचा फेमस नकाशा द्या ना." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. मी पेटी ओढली, कागद दाखवला, त्याने मोबाईलवर फोटो काढला. वरच्या कोपऱ्यात मी लिहिलेलं होतं: "माघात चाललो". फोटोत तो कोपरा आला नाही.

हे मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगत होतो, कोपरा आला नाही म्हणून. जणू तो आला असता तर मुंबईत वाढलेल्या पोराने माघ म्हणजे काय ते ओळखलं असतं आणि भाद्रपद चालू आहे म्हणून घरी बसला असता. त्याला ती नकाशा काढल्याची तारीख वाटली असती. आणि मी समोरच बसलो होतो, तोंडाने सांगायला मला कुणी अडवलं होतं?

पोरं गडाला गेली त्या दिवशी संध्याकाळी साडेसातला फोन आला. दोघे खाली आले होते, दोघे नाहीत. पुतण्या नसलेल्यांत. मी शृंगारपूरला पोचेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. तात्या अंधारात निघायला तयार होईनात. अस्वलाचं भय नव्हतं, पायाखालचं दिसत नाही म्हणून. तिकडे पोराची आई दर अर्ध्या तासाने फोन करत होती आणि मी इकडे पडवीत बसून "निघतोय, निघतोय" म्हणत होतो.

फटफटलं तसे आम्ही चौघे निघालो. शिडीच्या वाटेला वळायच्या जागी तात्या थांबले. पावसात पाऊल राहत नाही, ते कारवी बघत होते. वरच्या अंगाला दोन-तीन कांडं ताजी मोडलेली होती. "मास्तर, पोरं गडाला नाय गेली. वर गेलीत." माझ्या तुटक रेघेवरून गेली होती.

सड्यावर धुकं असं की पुढच्या माणसाचं फक्त इरलं दिसे. हाका मारत गेलो. दहाच्या सुमारास ओ आली. धुकं जरा हललं तेव्हा दोघे एका कातळावर पाय पोटाशी घेऊन बसलेले दिसले. मध्ये तीसेक पावलांचं हिरवंगार आणि त्यावर निळ्या-जांभळ्या बारीक फुलांची चादर, सीतेची आसवं. त्या फुलांची रोपं खायला किडे धरतात, कारण तिथली माती धुऊन धुऊन निःसत्त्व झालेली असते, हे मला नंतर वनस्पतीशास्त्राच्या एका बाईंनी समजावलं. तात्यांना किड्यांचं ठाऊक नव्हतं. त्यांचा हिशोब एवढाच होता की निळं दाट दिसलं की तिथे पाय टाकायचा नाही. हा हिशोब माझ्या नकाशात कुठेच नव्हता. माघात ती फुलं नसतातच.

"थांब, तितंच थांब!" तात्या ओरडले. पण दोघांतलं एक पोरगं, रात्रभर भिजलेलं, आम्हाला बघून धावत सुटलं. सात-आठ पावलं आलं आणि मांडीपर्यंत गेलं. धडपडलं तसं आणखी खाली. तात्यांनी कोयतीने कारवी तोडली, मोळ्या करून पुढे टाकत त्यावरून ओणवे गेले, त्याच्या बगलेत हात घातले. पोरगं सुटलं. मागे फिरताना तात्यांचा डावा पाय मोळीवरून घसरून चिखलात गेला, आत बुडालेल्या मेरेच्या दगडांत अडकला, आणि ते वळले तसा गुडघा फिरला. आवाज मला ऐकू आला. ओलं बांबूचं कांडं मोडावं तसा.

खाली यायला सात तास लागले. दोन दांडे, मध्ये घोंगडी, तिची डोली. जळवा काढायला हात मोकळा नव्हता. मध्ये एकदा टेकलो तेव्हा पुतण्याने पिशवीतून मोबाईल काढला, फोटो मोठा करून माझ्यापुढे धरला. "काका, बघा ना, इथे वाट दाखवलीय." तो भांडत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. डोलीत तात्या डोळे मिटून पडले होते, त्यांनी ऐकलं असणार.

पुढचं थोडक्यात. जबाब द्यावा लागला. ते रास्तच होतं. वर २००४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, २०१० पासून व्याघ्र प्रकल्प, परवानगीशिवाय तिथे जायचं नाही. मी रेघ काढली तेव्हा उद्यान नव्हतं, अशी एक पळवाट मी बरेच दिवस वापरली. अभयारण्य १९८५ पासून होतं. आम्हाला कुणी हटकलं नाही, एवढंच. तात्यांचं ऑपरेशन झालं, निम्मा खर्च मी दिला. गुडघा पुरता वाकत नाही. ते पडवीत बसलेले असतात.

आता तुम्ही म्हणाल, तुटक रेघ खोडा, खाली ठळक लिहा, आणि द्या. हे मलाही सुचतं. मीच एके काळी तात्यांशी वाद घालायचो की वाट कागदावर यायला हवी, दोन पावसाळे कुणी गेलं नाही तर कारवी ती गिळून टाकते आणि वाट माहीत असलेला माणूस गेला की सगळंच गेलं. ते म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. तात्या त्यावर नुसते हसायचे.

तात्यांचा मुलगा आता नोव्हेंबरपासून लोकांना गडावर नेतो. त्याची भाकरी त्यावर आहे. तो माझ्यावर चिडतो. "काका, तुम्ही कागद देत नाय म्हणून लोकं मोबाईलवर कायबाय बघून येतात, ते बरं काय? मला द्या, मी फ्लेक्स करून घरावर लावतो." त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नाही. "गणपती झाल्यावर बघू" म्हणालो होतो. त्याला दोन गणपती झाले.

यंदा माघात शृंगारपूरला गेलो तेव्हा पेटीतला कागद खिशात घालून नेला होता. का नेला, विचारू नका. तात्या म्हणाले, "जाळलास काय तो?" म्हटलं, नाही. "बघू." त्यांनी तो मांडीवर ठेवला, बराच वेळ बोट फिरवत बसले. मग ओढ्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो आता हितं नाय. पाण्यानं सरकलाय, आंब्याच्या अलीकडं आला." मी पेन काढलं, तिथेच ओढ्याची जागा नीट केली. तुटक रेघेवरून त्यांचं बोट गेलं, पण ते काही बोलले नाहीत.

कागद परत पेटीत आहे. रेघ खोडलेली नाही.